बहगतच्या पोटऱ्या आणि हाज्जा तहिया

आमच्या दमियातमध्ये उन्हाळा सरताना पोहण्याची शर्यत असते. पुलाखालून निघायचं आणि नाईल जिथे समुद्राला मिळते, त्या रास-अल-बरच्या टोकाला बाहेर यायचं. चांगल्या पोहणाऱ्यालाही अर्धा दिवस लागतो. माझा मावसभाऊ बहगत दोन वर्षांपूर्वी तिच्यात उतरला होता. निम्मं अंतर जायच्या आतच त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की कोळ्यांनी त्याला बोई माशांबरोबर जाळ्यातून वर काढला. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बिनकामाचा मासा, असं ते अजून सांगतात.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही कॅप्टन वगदींना धरलं. कॅप्टन तरुणपणी सुवेझच्या आखातात पोहायचे. कुठून कुठवर, ते विचारलं की त्यांना खोकला येतो. त्यांनी बहगतची पोटरी दाबून पाहिली, सुतार लाकडाला टिचकी मारतो तशी टिचकी मारली आणि म्हणाले, "अंगातलं मीठ संपतं तुझ्या. दुसरं काही नाही."

तेव्हापासून बहगत मिठाचं पाणी प्यायला आणि केळी खायला लागला. दुकानात रंधा मारताना तो पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभा राहायचा आणि टाचा खाली सोडायचा, पोटऱ्या ताणाव्यात म्हणून. गिऱ्हाइकांना वाटायचं, याला घाईची लागली आहे. ती लवकर सौदा करून निघून जायची. कधी नव्हे ते दुकान जोरात चाललं.

बहगत नीश बनवतो. नीश म्हणजे ते काचेचं कपाट, ज्यात कधीच न वापरायच्या ताटल्या ठेवतात. त्याच्या हातचे नीश कैरोपर्यंत जातात. आणि भांडणही त्याच्यावरच अडलं होतं. त्याची ठरलेली बायको रबाब. तिची आई हाज्जा तहिया, हजला जाऊन आलेली. ती म्हणायची, घरात नीश नसेल तर लग्न नाही. बहगत म्हणायचा, दिवसभर मी त्याचंच तोंड बघतो, रात्री घरी गेल्यावर पुन्हा तेच बघू? यावर सगळं महिनोन्महिने अडून बसलं होतं.

शर्यतीच्या सकाळी होडी मी चालवणार होतो. कॅप्टन पुढे उकिडवे बसून शिट्टी वाजवणार होते. एक शिट्टी म्हणजे सावकाश, दोन म्हणजे जोरात. लांब काठीच्या टोकाला पेला बांधला होता, कारण पोहणाऱ्याचा हात होडीला लागला की तो बाद. आम्ही दोर सोडणार, इतक्यात धक्क्यावरून हाज्जा तहिया आली. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात मिशचं मडकं. मागून रबाब, ओठ दाबून हसत.

"हाज्जा, होडीत जागा नाही," कॅप्टन म्हणाले.

"मग तुम्ही उतरा," हाज्जा म्हणाली आणि खुर्ची उघडून बसली. "माझी मुलगी ज्याला द्यायची तो तरंगतो की बुडतो, हे मी बघायला नको?"

मडक्यात वर्षभर मुरलेलं चीज आणि त्याचं खारं पाणी होतं. झाकण नुसतं सरकलं तरी शेजारच्या होडीतली माणसं आमच्याकडे बघू लागली.

बंदुकीचा बार झाला. बहगत नेहमीसारखा बाण सुटावा तसा सुटला. रबाब बघत होती ना. आदल्या वर्षी काठावरून बघत होती, या खेपेला चार हातांवरून. कॅप्टननी एक शिट्टी मारली, पुन्हा मारली. त्याचं लक्षच नव्हतं.

"बहगत," हाज्जाने हाक मारली. तिच्या आवाजापुढे शिट्टी म्हणजे चिमणी. "तो नीश बैठकीत ठेवायचा की जेवायच्या खोलीत, तेवढं सांग."

बहगतने पाण्यातून तोंड वर काढलं. "कुठेच नाही."

"का नाही?"

बहगतचा एक स्वभाव आहे. भांडणात उत्तर राहिलं तर त्याला जेवण जात नाही. पण पाण्यात उत्तर द्यायचं तर डोकं वर हवं, श्वास हवा, आणि श्वास हवा तर हात हळू चालायला हवेत. तो मंदावला. बाकीचे पोहणारे पाणी उडवत पुढे गेले.

"सुताराच्या घरी नीश नाही, हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांगा, सुतार दमलाय."

"माझ्या बहिणीच्या जावयाने दोन केले."

"त्याला बोलायला कोणी नसेल."

कॅप्टन डोकं धरून बसले. "हाज्जा, हा शर्यतीत आहे."

"मी कुठे अडवलंय? पोहू दे की."

असं चाललं तासन् तास. नीश झाल्यावर पडद्यांचा रंग, पडद्यांनंतर लग्नाला बोलवायचे मामा. मधूनमधून मी काठीने पेला पुढे करायचो, बहगत प्यायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचा. ऊन तापलं. जे पुढे सुटले होते ते एकेक करून आम्हाला दिसू लागले. कोणी होडीला लोंबकळून पाय चोळत होता, कोणी उताणा पडून आईला हाका मारत होता. आमचा बहगत मात्र संथ, गप्पा मारत, म्हशीसारखा चालला होता.

टोकाचं दीपगृह दिसायला लागलं आणि कॅप्टन अचानक ताठ झाले. सकाळपासून उकिडवे, पोटात फक्त काळा चहा, डोक्यावर ऊन. त्यांच्याच पोटरीत गोळा आला. ते होडीच्या तळाशी आडवे झाले. शिट्टी दातांत तशीच. कळ आली की शिट्टी वाजायची, आणि कळ दोन-दोनदा येत होती.

बहगतने दोन शिट्ट्या ऐकल्या आणि तो जो सुटला, मला वल्ही मारूनही गाठता येईना.

"अरे हळू, माझं बोलणं संपलं नाही," हाज्जा ओरडली. मग तिचं लक्ष पायाशी गेलं. "यांना काय झालं?"

"गोळा आलाय," रबाब म्हणाली.

हाज्जाने बाह्या सारल्या, कॅप्टनच्या पायाचा अंगठा धरून पाऊल त्यांच्याकडे ढकललं आणि शिट्टी काढून तिथे मिशचा पेला लावला. कॅप्टन डोळे पांढरे करत म्हणाले, "नको, बरं वाटतंय."

"पिऊन आणखी बरं वाटेल."

ते प्याले. मग जो उठून बसला तो माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता. गोळा गेला होता. मिशने गेला, पाय ताणल्याने गेला की दुसरा पेला भरलेला दिसला म्हणून गेला, हे विचारलं की कॅप्टनना आजही खोकला येतो.

बहगत चौथा आला. पायांवर चालत बाहेर आला, मागून कोणाला ढकलावं लागलं नाही. आम्ही किनाऱ्यावर भाजलेली बोई मागवली. बहगतने पहिला घास तोंडाशी नेला आणि त्याच्या लक्षात आलं की जबडा उघडत नाही. दिवसभर बोलून तिथेच पेटका आला होता.

हाज्जाने संधी साधली. "बहगत, नीश करायचा ना? नको असेल तर नको म्हण."

बहगतने नाकातून काहीतरी आवाज काढला.

"त्याचा नकार आहे, आई," रबाब म्हणाली. "आणि माझाही. मला तिथे शिवणाचं मशीन ठेवायचंय."

हाज्जाने मुलीकडे पाहिलं. इतके महिने कोणी रबाबला विचारलंच नव्हतं, हे आमच्या सगळ्यांच्याच लक्षात आलं. हाज्जाने माशाचे काटे काढले, बारीक तुकडा केला आणि बहगतच्या दातांच्या फटीतून आत सारला. "मशीन उजेडात ठेव," एवढंच म्हणाली.

लग्न हिवाळ्यात झालं. कॅप्टननी मात्र आपल्या सरावात एक बदल केला. पोहणाऱ्याला सुरुवातीला बोलता आलं पाहिजे इतकंच हळू जायचं, असं ते आता सगळ्यांना सांगतात, जणू सुवेझपासून हेच शिकवत आलेत.

या वर्षी पोर्ट सईदहून एक उंच मुलगा आला आणि त्याने हाज्जाला होडीत बसायची विनंती केली. तिने आधी नाही म्हटलं, मग खुर्ची घेऊन गेली. पुलाखालून निघून जेमतेम दोन वळणं झाली असतील, आम्हाला काठावर तिचा आवाज ऐकू आला. ती त्याला विचारत होती, एवढा चांगला दिसतोस, मग अजून लग्न का नाही केलंस. मुलगा पाण्यातून डोकं वर काढून अगदी सविस्तर सांगत होता.