काशीबाईच्या आजीचा पाट

काशीबाईला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची हौस दांडगी. तिचा मुलगा सखा उधाणात फुटलेला बांध घालायला गेला आणि खाडीनं ओढून नेला, त्याला तीन वर्षं झाली होती. घरात ती आणि सून सीता, दोघीच. दोघी मिठागरावर कामाला जात. पेणच्या बाजाराला गेलं की सीता वाचनालयात शिरायची. तिथल्या रेबेकाबाई तिला पुस्तकं निवडून द्यायच्या. त्या ज्यू होत्या; त्यांचे भाऊबंद इस्रायलला गेले होते, त्या मात्र राहिल्या होत्या.

एक्याण्णव साली रेबेकाबाईंनी सीतेला एक जुनं संगीत नाटक दिलं. दुपारची जेवणं आटोपली की सीता ते पदांसकट मोठ्यानं वाचायची. नाटकात एक तरुण विधवा होती आणि तिला उंबरा ओलांडू न देणारी सासू.

"मेली कैदाशीण!" काशीबाई त्या सासूला शिव्या घालायची. शेवटी विधवेचं लग्न लागलं तेव्हा ती खूश झाली. मग तिची नजर सीतेवर गेली.

पुढच्या बाजारी ती स्वतःच वाचनालयात गेली. "बाई, नाटकवाले काय बी लिवतात. अशी लग्नं खरंच झाली काय?"

"झाली की. लोकांच्या शिव्या खाऊन झाली," रेबेकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी समाजसुधारणेच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक काढून दिलं. "कंटाळा येईल, पण सोडू नका."

कंटाळा आलाच. काशीबाई ऐकता ऐकता पेंगायची. पण एका दुपारी सीतेनं वाचलं, की कित्येक जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, पूर्वीपासून लागत असे. पुढे मोठ्या घरांचं बघून लोकांनीच तो कमीपणाचा ठरवला. काशीबाई ताडकन उठून बसली.

"थांब गो! माझ्या आजीचा पाट लागला व्हता, रोह्याला. कुनी नावं ठेवली नाय. मंग आमच्यात बंद कुनी केला?"

सीता पुढची पानं चाळू लागली.

काही दिवसांनी तिनं सीतेसाठी हिरामणचा विषय काढला. रोह्याजवळ धाटावला कंपनीत फिटर, बायको वारलेली, लांबच्या नात्यातला.

सीतेनं पुस्तक आपटलं. "यासाठी वाचून घेत व्हतीस व्हय? मला घरातून काढायला?"

त्यानंतर ती सासूशी बोलेना. काशीबाई रडवेली होऊन रेबेकाबाईंकडे गेली. "आता तिला कंचं पुस्तक देऊ?"

"आता पुस्तक नको. तिला काय हवंय, ते तिलाच विचारा."

काशीबाईनं विचारलं. सीता मीठ ओढता ओढताच म्हणाली, "आधी मी त्याच्याशी बोलंन. पटला तरच. आनी तुला हितं एकटी ठेवणार नाय, आये."

हिरामण सुट्टीच्या दिवशी आला. सीतेनं अट सांगितली. "खोल्या दोनच हायत," तो म्हणाला, "पन मावू तिघं."

काशीबाईचा शेजारीच राहणारा दीर नाथा याला हे पटलं नव्हतं; लग्नाला तो आणि त्याच्या घरचं कुणी आलं नाही. रेबेकाबाई आल्या, पंगतीत बसून जेवल्या. काशीबाई सीतेबरोबर रोह्याला गेली खरी, पण तिला तिथं फार करमलं नाही. मिठाचा हंगाम आला की ती एसटीनं गावी यायची आणि पाऊस लागायच्या बेताला सीता तिला न्यायला यायची. नाथाची बायको मग तिला अंगणातून हाक मारू लागली. नाथा मात्र पुढं तिच्याशी कधीच बोलला नाही.