कंपनीतून आलेला माणूस

बाबांच्या चारही पँटींचे उजवे खिसे झिजले होते. डावे अगदी नव्यासारखे, आणि उजव्यांना आतून ठिगळं. हिरामण भोये जाऊन दीड महिना झाला होता. कपडे कुणाला तरी देऊन टाकायचे म्हणून मीना घड्या घालत बसली होती. तीन पँटी झाल्या तोवर तिच्या काही लक्षात आलं नाही. चौथ्या पँटीशी मात्र तिचा हात थांबला.

"मीच लावायची ती ठिगळं," तिची आई, भागीबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "सारखा हात आत खुपसलेला. किती येळा शिवू, म्हणायची मी. तर हसायचे नुसते."

तो हात खिशात कधी गेला, हे मीनाला तारखेनिशी ठाऊक होतं.

१९९४चा डिसेंबर. मीना नववीत होती. शाळा गावात, घर सातपूरला दोन खोल्यांचं. वर्गातल्या मुलींचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये, बँकेत, नाहीतर कुठल्या तरी कचेरीत. मीनाचे बाबा पेठकडच्या पाड्यावरून आलेले. सातपूरच्या एका लहानशा शेडमध्ये मुलांच्या खेळण्यातले, वरच्या बटणांनी एकमेकांत बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे निघत, त्या मशीनवर ते होते. वरून प्लॅस्टिकचा दाणा ओतायचा, तो वितळून साच्यात जायचा, साचा उघडला की एका वेळी आठ ठोकळे हातात. एकदा अडकलेला ठोकळा काढताना साचा मिटला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. महिनाभराने बाबा त्याच मशीनवर परत उभे राहिले.

स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनासाठी वर्गाने गंगापूर धरण करायचं ठरवलं. मातीचं की पुठ्ठ्याचं यावर वाद चालला होता. मीना म्हणाली, "ठोकळ्यांचं करू. माझ्या ओळखीची एक कंपनी आहे." त्या दिवशी सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला होता.

बाबांनी मालकाकडून रिजेक्ट माल मागून घेतला. गोणी शाळेच्या फाटकाशी ठेवायची, असं मीनाने त्यांना दोनदा बजावलं होतं. पण गोणी जड, पोरीला कशी उचलणार, म्हणून ते ती खांद्यावर घेऊन थेट वर्गाच्या दारात आले. अंगावर शिफ्टचे कपडे, बाहीवर ऑइलचे डाग. दारात उभे राहून ते हसत होते, आणि गोणी धरलेला हात नेमका उजवा होता.

"ईऽऽ, बोटं बघ गं," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी विचारलं, "कोण गं हे?"

"कंपनीतून आलेत, बाई," मीना म्हणाली. "ठोकळे द्यायला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. फार नाही, साचा उघडून मिटायला लागतो तेवढाच वेळ. मग बाईंकडे वळून म्हणाले, "हां बाई. कंपनीतून आलोय." आणि मीनाला विचारलं, "कुठं ठेवू, ताई?"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी पाणी द्यायला सांगितलं, तर "नको, शिफ्ट हाय" म्हणून ते निघाले. दारातून बाहेर पडताना त्यांनी उजवा हात खिशात घातला.

रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "धरण उभं राहिलं का?"

"हो."

"पाणी निळ्याचं केलं का?"

"हो."

"मग बेस झालं," म्हणून त्यांनी भाकरी मोडली. धरणाला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला आई एकटीच आली होती.

त्यानंतर अकरा वर्षं गेली. मीनाने मराठीत एम. ए. केलं, ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागली. कपाटभर पुस्तकं वाचली. पुस्तकांतल्या परक्या बापांसाठी तिने उशा भिजवल्या. घरातल्या बापाला सांगायचं एक वाक्य मात्र तिला जुळवता आलं नाही. बाबा काही कुठे पळून चालले नाहीत, असं तिला वाटे. ते गेले तेव्हा ती अकरावीच्या पेपरांचे गठ्ठे तपासत होती.

"माळ्यावर एक गोणी हाय," भागीबाई म्हणाली. "ती तेवढी शाळंत देऊन ये."

"कुठल्या शाळेत?"

"त्यांच्या. देवळाली कॅम्पच्या रस्त्याला, ती आपंग पोरांची. सुट्टीच्या दिवशी जायचे न्हाय का?" मीनाचा चेहरा पाहून भागीबाई थबकली. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, तुलाच पहिलं सांगितलं असंल."

सुट्टीच्या दिवशी बाबा कुठे जातात, हे मीनाने कधी विचारलंच नव्हतं.

गोणीत रंगांचा गोंधळ होता. मशीनमध्ये लाल दाण्यामागून पिवळा किंवा हिरवा टाकला की मधले पाचपन्नास ठोकळे धड ना लाल धड ना हिरवे असे निघतात. काही पट्ट्यापट्ट्यांचे, काही चक्क मातकट. ते पुन्हा दळायला जातात. बाबांनी तेच निवडून ठेवले होते.

देवळालीच्या बसमध्ये गोणी पायांशी धरून मीनाने वाक्य घोकलं. मी हिरामण भोयेंची मुलगी. ते गेले. त्यांनी तुमच्यासाठी हे ठेवलं होतं. तीन वाक्यं, त्यात अवघड काहीच नव्हतं. वर्गात रोज ती याहून अवघड बोलत असे.

शाळा म्हणजे एका जुन्या बंगल्याचा तळमजला होता. दार पन्नाशीच्या एका बाईंनी उघडलं. त्यांच्या मागे हॉलमध्ये दहाबारा मुलं जमिनीवर बसली होती आणि सगळ्यांनी एकदम मान वळवून दाराकडे पाहिलं.

"कोण हवंय आपल्याला?"

आता मुलगी म्हटलं की या बाई हात धरतील, आत बसवतील, तुमचे वडील किती चांगले होते म्हणून सांगतील, आणि ते सगळं आपल्याला घ्यावं लागेल. हे तिच्या डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं, "कंपनीतून आलेय. ठोकळे द्यायला."

बोलल्याबरोबर तिचे कान तापले.

"अगं बाई! म्हणजे हिरामणकाकांच्याच कंपनीतून!" बाईंनी गोणीचं एक टोक धरून तिला आत ओढलंच. "मी विमला, इथली शिक्षिका. अहो, आहेत कुठे ते? दोन महिने पत्ता नाही. मुलांनी माझं डोकं खाल्लंय. पाच वर्षं येतायत, पण घर कुठे विचारलं तर 'सातपूरला' एवढंच. पहिल्यांदा आले ना, ते असेच दारात उभे. म्हणाले, कंपनीतून आलोय, ठोकळे द्यायला. नाव विचारलं तर म्हणे, नावाचं काय करता बाई. सहा महिने आम्ही त्यांना 'कंपनीवाले काका'च म्हणत होतो."

बाईंनी मीनाला बसायला स्टूल दिलं, ते बरं झालं.

हॉलच्या मधोमध प्लायवूडची एक लांब फळी होती. तिच्यावर ठोकळ्यांची माणसं ओळीने उभी, प्रत्येक वीतभर उंचीचं. चेहरे आणि हात त्याच मातकट ठोकळ्यांचे. दुकानातल्या डब्यात लाल, पिवळा, निळा, पांढरा सगळे रंग असतात, पण आपल्या अंगाचा रंग नसतो, हे मीनाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"हा मी," पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर लावलेला एक मुलगा सरकत पुढे आला. त्याचं नाव लखन. ओळीतल्या एका माणसाच्या डाव्या पायाला दोन्ही बाजूंनी काळे ठोकळे लावले होते. "आधी मी बॅटिंगवाला केला होता. दोन्ही पाय सरळ. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी स्वतःचा केला, आणि हाताला पाच बोटं लावली. आम्ही ओरडलो, काका, खोटं! चीटिंग! तर म्हणाले, अरे हो की. आणि दोन काढून टाकली. मग मी पण माझा पाय मोडला आणि परत केला."

"नियम आहे तो," विमलाबाई म्हणाल्या. "आहे ते लावायचं, नाही ते लावायचं नाही. आमची अफिफा वर्षभर कानातलं मशीन केसांखाली लपवायची. आता बघा."

लखनच्या शेजारी उभी केलेली मुलगी सगळ्यात ठसठशीत होती. तिच्या कानाशी भडक लाल ठोकळा होता. खरी अफिफा, अकराएक वर्षांची, केस मागे घट्ट बांधून फळीपलीकडे उभी होती आणि मीनाच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

ओळीच्या शेवटी बाबा होते. निळा सदरा, मातकट चेहरा. उजवा हात उंच केलेला, त्याला तीन बोटं. खिसा कुठेच नव्हता. त्यांच्या शेजारी एका माणसाएवढी जागा मोकळी होती.

"ही कुणाची?" मीनाने विचारलं.

"काकांच्या मुलीची," लखन म्हणाला. "टीचर आहे ती. खूप पुस्तकं वाचते. तिचं काय आहे, विचारलं आम्ही. पाय का कान का काय. काका म्हणाले, ती आली की तिलाच विचारा."

"पुढच्या आठवड्यात पालक येणार आहेत हे बघायला," विमलाबाई म्हणाल्या. "ताई, एवढं काम कराल का? त्यांच्या घरी कळवा. ते आले आणि मुलीला घेऊन आले, तर फार बरं होईल. मुलं वाट बघतायत."

मीनाने गोणीच्या सुतळीची गाठ धरली होती. ती सुटली नाही. गाठीकडेच बघत ती म्हणाली, "काका येणार नाहीत. ते गेले. मी त्यांची मुलगी आहे."

विमलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. लखनने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मीनाकडे. मागचं एक मूल काही न कळून हसलं आणि गप्प झालं. सांगून झालं, असं मीनाला वाटलं. आता उठून जावं.

तेवढ्यात अफिफा फळीला वळसा घालून आली आणि तिच्या पुढ्यात बसली. ती जाड, सावकाश आवाजात म्हणाली, "काय म्हणाल्या?"

"अफिफा, राहू दे बाळ. मी सांगते नंतर," विमलाबाई म्हणाल्या.

अफिफाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "ताई, खाली बघून बोललं की मला नाही कळत. तोंड वर करा."

अकरा वर्षांत मीनाला असं कुणी सांगितलं नव्हतं. तिने मान वर केली. समोर दोन डोळे तिच्या ओठांवर लागले होते. इथे कुजबुजून चालणार नव्हतं, भरभर बोलून उरकता येणार नव्हतं. प्रत्येक शब्द ओठांनी नीट उच्चारून दाखवायचा होता.

"तुमचे काका," मीना म्हणाली, "वारले. दीड महिना झाला. मी कंपनीतून आलेली नाही. मी त्यांची मुलगी. मीना."

अफिफा बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही यायचं असल्यासारखी. मग तिने ओळीतल्या तीन बोटांच्या हाताला बोट लावलं आणि तसंच ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण नजर काही हलली नाही. "मग दारात खोटं का सांगितलं?"

"अफिफा!"

"असू द्या बाई," मीना म्हणाली. "लाज वाटली."

"काकांची?"

"लहान असताना काकांची. त्यांच्या या हाताची. वर्गात सगळ्यांसमोर मी सांगितलं, हे माझे कोणी नाहीत. आज वाटली ती माझीच."

हे सांगताना तिचा आवाज फुटला, पण तोंड तिने वरच ठेवलं. विमलाबाई खिडकीकडे वळल्या. मग लखनने गोणीची गाठ दातांनी सोडवली, मूठभर ठोकळे फळीवर ओतले आणि विचारलं, "लाज कुठे असते? पायात असते का?"

"येडा का तू," मागून कुणीतरी म्हणालं. "तोंडावर असते."

मीना जमिनीवर बसून स्वतःला रचू लागली. पाय, साडी, खांदे. बाबांच्या मशीनमधून दोन रंगांच्या मधे निघालेले ठोकळे तिच्या हाताखालून जात होते. काहींच्या कडांना राहिलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा कुणीतरी ब्लेडने साफ केला होता. तीन बोटांनी ब्लेड कसं धरत असतील, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. डोकं लावायची वेळ आली तेव्हा तिने ते एक बटण पुढे लावलं. मान खाली घातलेली बाई तयार झाली. नियमाप्रमाणे. आहे ते लावायचं.

ती बाबांच्या शेजारच्या जागेत बसवून मीनाने हात काढून घेतला.

अफिफाने वाकून पाहिलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग नापसंतीने मान हलवली. "ही खाली बघतेय. काकांशी बोलली, तर त्यांना कळणार कसं?"

"काकांना ऐकू येतं की," लखन म्हणाला.

"मला नाही येत."

मीनाने डोकं उचकटलं आणि एक बटण मागे धरलं. ठोकळा जरा फुगीर होता, पट्कन बसेना. तिने त्यावर अंगठा ठेवला आणि तो खट्कन बसेपर्यंत दाबत राहिली.