डॉक्टर पूईंचं पूर्ण नाव

न्वान काकूंच्या सलूनमध्ये त्या सकाळी अकरा नाकं रांगेत बसली होती. प्रत्येकावर बधिर करणारं मलम थापलेलं. थायलंडमधल्या आमच्या रात्चबुरीच्या बाजारात एवढी भाविक गर्दी सणालाही होत नाही.

"नाक म्हणजे तिजोरी," डॉक्टर पूई सांगत होत्या. "समोरून भोकं दिसली की पैसा गळतो. माझं औषध नऊ मठांतून मंतरून आणलंय. सुई टोचलेली कळणारसुद्धा नाही."

आणि खरंच कळत नव्हती. सुई आत, नाक वर, बायकांचे हात जोडलेले. तासभर मलम चोळलेल्या नाकावर हातोडा मारला असता तरी कळलं नसतं, हे कोणी बोलेना.

पाचव्या खुर्चीत माझी धाकटी बहीण फाय. नोकरीच्या दोन मुलाखतींत नापास झाली, खापर नाकावर. चौघींचं आटोपलं होतं, आता तिचीच पाळी. दहा महिन्यांच्या लेकीला कडेवर घेऊन मी धावतच पोचले.

"ऊठ."

"ताई, तू बोलू नकोस. तुझं लग्न झालंय."

"हे नाक मी पुसून पुसून मोठं केलंय. माझाही हक्क आहे त्याच्यावर." मग वळून विचारलं, "डॉक्टर, तुमचं पूर्ण नाव काय?"

आमच्याकडे माणूस पाळण्यापासून टोपणनावानेच चालतो. शेजारणीचं खरं नाव मी तिच्या अंत्यविधीच्या फलकावर वाचलं. डॉक्टरला ते विचारायचं कोणाला सुचणार?

"पूई. सगळे पूईच म्हणतात."

"वैद्यक परिषदेच्या यादीत टोपणनावं नसतात. नाव, आडनाव सांगा, आत्ता फोनवर बघते."

"शंका घेतली की औषधाचा गुण जातो, बाई."

"दवाखाना कुठे आहे?"

"बोलावतील तिथे जाते. सेवाच आहे ही."

तेवढ्यात लेकीने ट्रेमधली बाटली उचलून तोंडात घातली. दात येताहेत तिला. मी झडप घालून काढली. झाकण घट्ट होतं, पण लाळेने भिजलेलं परदेशी लेबल माझ्या हातात आलं. खाली दुसरं लेबल, शिवणयंत्राच्या चित्राचं. तेलाची हीच बाटली माझ्या शिवणाच्या खणात आहे.

"काकू, हे मी यंत्रात घालते. महिन्याला दोन थेंब."

"मग नाक वर कसं आलं गं?"

"तेल भरलं म्हणून. उशीत कापूस भरला की तीही वर येते."

चौघींचे हात आपापल्या नाकाकडे गेले. डॉक्टर पूई तोवर पिशवीसकट स्कूटरवर होत्या. पुढे सरकारी रुग्णालयातल्या सर्जनने त्या चौघींना स्वच्छ सांगितलं, तेल पूर्ण निघत नाही. रक्तवाहिनीत गेलं असतं तर डोळाही गेला असता.

त्या सकाळी मात्र फाय खुर्चीतच रडत होती. नाक वाहत होतं आणि बधिर असल्यामुळे तिला पत्ताच नव्हता. मी पुसलं.

नाक बदलायचं तर खुशाल बदला. आधी पूर्ण नाव विचारा, ते यादीत शोधा, प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण झालंय का पाहा, दवाखान्याचा परवाना वाचा. आणि मलम नाकालाच लावा, अकलेला नको.