अबूबकरला कयाक पसंत पडेना

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बंद केल्या. मांडी घालून बसायचं नाही आणि उकिडवं बसायचं नाही. घरात त्यानं फारसं अडलं नाही. अडलं ते सिद्धेश्वर धरणावर. धरणाच्या काठावर गळ टाकून बसायचं म्हणजे दगडावर उकिडवं, नाहीतर चिखलात मांडी घालून. पहिल्या रविवारी मी प्लॅस्टिकची खुर्ची नेली. थोड्या वेळात तिचे मागचे पाय गाळात रुतले आणि मी आभाळाकडे तोंड करून पडलो. अबूबकरनं मला उठवलं, खुर्ची पाण्यात विसळून घेतली आणि तो हसला नाही. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

अबूबकर आणि मी कुरुंद्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढं मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि तो वडिलांच्या दुकानात मोटारी भरायला बसला. विहिरीवरची मोटार जळाली की ती खोलायची, जुनी तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या मोटारी त्याच्या हाताखालून गेल्या असतील. तीस वर्षं आम्ही रविवारी पहाटे त्याच्या मोटारसायकलवर सिद्धेश्वरला जातो आणि दुपारपर्यंत गळ टाकून बसतो. कधी मासा लागतो, कधी लागत नाही. बोलणं दोन्ही वेळा कमीच.

कयाक माझ्या लेकीनं सुचवली. आकांक्षा पुण्याला नोकरीला आहे. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक माणूस लांबट प्लॅस्टिकच्या होडीत चांगल्या उंच खुर्चीवर पाय पसरून बसला होता आणि आरामात मासे धरत होता. "पप्पा, यात मांडी घालावी लागत नाही," एवढंच तिनं लिहिलं होतं. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि दुकानात जाऊन अबूबकरला दाखवला. ठरवलं की एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी घ्यायची.

त्यानंतर महिनाभर मी रोज नवी कयाक दाखवायचो आणि तो रोज तिच्यात खोड काढायचा. अरुंद दाखवली तर म्हणाला, "ही पलटी मारती." रुंद दाखवली तर म्हणाला, "ही जागची हालनार न्हाई, वारा सुटला की बसा वल्हं मारत." हवा भरायची असते तशी एक होती. "बाभळीचा काटा लागला की संपली." एक पिवळी होती, तिच्याबद्दल म्हणाला की मासे रंग बघून पळतात. मला वाटलं, हा माणूस तारेचा एक वेढा कमी पडला तर मोटार परत खोलतो, तसाच इथंही बारकावे बघत असेल. पण शेवटी माझाही धीर सुटला.

"अबू, तुला घ्यायची नसंल तर तसं सांग. मी एकटा घेतो."

"घ्यायची न्हाई असं कुठं म्हनलो मी?" तो मोटारीतून मान वर न करता बोलला. "बराबर बघून घ्यावी म्हनलो."

हिंगोलीला निलम नावाची एक मुलगी कयाक विकते असं कळलं. पूर आल्यावर लोकांना बाहेर काढायचं शिक्षण देणाऱ्या पथकात ती होती, नंतर तिनं स्वतःचा धंदा सुरू केला. तिच्या गोदामात भिंतीला टेकवून सात-आठ कयाक उभ्या होत्या. आम्ही गेल्यावर तिनं एकही दाखवली नाही. आधी आम्हाला बसवलं आणि विचारायला लागली. कुठल्या पाण्यात नेणार? धरणाच्या. काठापासून किती आत? उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की गाळातून कोण उचलून नेणार? बसून मासे धरता की उभं राहून? माझं वजन विचारलं, गुडघा किती वाकतो ते प्रत्यक्ष वाकवून बघितलं.

"लोक रंग आणि लांबी बघून घेतात, सर," ती म्हणाली. "लांब आणि अरुंद घेतली तर वेगात जाते, पण डुलते. रुंद घेतली तर हळू जाते, पण तुम्ही हललात तरी ती हलत नाही. दोन्ही एकाच कयाकमध्ये मिळत नाही. तुम्हाला काय सोडायचं ते आधी ठरवा." मग तिनं वही उघडून शेवटचा प्रश्न विचारला. "दोघांनाही पोहता येतं ना?"

"व्हय, येतं," अबूबकर माझ्या आधी बोलला.

पुढच्या रविवारी तिनं पिकअपमध्ये तीन कयाक घालून सिद्धेश्वरला आणल्या. एक निळी, लांब आणि अरुंद. एक हिरवी, रुंद, उंच खुर्चीची. तिसरी दोघांची, पण तिच्या बैठका अगदी तळाशी. आम्हाला लाइफ जॅकेट घातली, पट्टे ओढून बघितले आणि खाडीसारखा पाण्याचा एक फाटा आत आलेला आहे तिथंच फिरायचं असं बजावलं. मी हिरवीत बसलो. खुर्चीत बसतो तसा बसलो आणि पाय पुढं सोडले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पाण्याच्या एवढ्या जवळ येऊनही मला गुडघ्याची आठवण झाली नाही.

एकट्यानं बसायची निळीच उरली होती, ती अबूबकरनं घेतली. महिनाभर जिला पलटी मारणारी म्हणत होता तीच. मला नवल वाटलं, पण मी वल्हं मारत पुढं गेलो. थोड्या वेळानं वळून बघितलं तर तो फाट्याच्या मधोमध होता. वल्हं आडवं मांडीवर पडलेलं, दोन्ही हातांनी कयाकच्या कडा घट्ट धरलेल्या. वारा नव्हता, लाट नव्हती. कयाक आपली सावकाश गोल फिरत होती आणि तिच्याबरोबर तोही. लाइफ जॅकेटच्या वर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मी हळूहळू जवळ गेलो.

"काय झालं रे?"

"मास्तर," तो अगदी हळू बोलला, कारण निलम काठावर उभी होती. "मला पोहता येत न्हाई."

बोलायची ती वेळ नव्हती. त्याच्या कयाकच्या टोकाला दोरी होती, ती माझ्या खुर्चीला बांधली आणि त्याला ओढत काठाला आणलं. निलमला म्हणालो, "माझा गुडघा दुखायला लागला, म्हणून परत आलो." तिनं दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे सर, घाई नाही. परत सांगा."

येताना औंढ्याला चहाला थांबलो. मला राग आला होता आणि तो कशाचा ते कळत नव्हतं. तीस वर्षांत गळ शेवाळात अडकला की पाण्यात उतरून सोडवायचा मीच. तो काठावरून म्हणायचा, "तू जा, तुला बराबर सापडतो." मला ते कौतुक वाटायचं.

"काहून सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

त्यानं बशीतला चहा संपवला. "सांगण्यासारखं काय हाय त्यात? तुमी पोरं विहिरीवर जायचे तवा मी अब्बाच्या दुकानात तार गुंडाळून राहिलो होतो. मग वय निघून गेलं. मोठ्या माणसानं कुनाला म्हनायचं, मला पोहायला शिकव म्हनून? लोकाच्या विहिरीवर मोटार उतरवायला जातो मी. खाली उतरायला गडी लावतो आन् वरून हुकूम सोडतो. लोकाला वाटतं मोठा मेस्त्री हाय." बशी खाली ठेवून तो म्हणाला, "आन् तुला तर न्हाईच सांगता येत. तुला सांगितलं असतं तर तू काठ सोडून कधीच पुढं गेला नसता."

ते खरं होतं. म्हणून माझा राग तिथंच ओसरला.

"कोंडीबाच्या विहिरीला पायऱ्या आहेत," मी म्हणालो. "डॉक्टर मलाही पोहायला सांगून राहिला. मला सोबत होईल."

एप्रिल होता. हळद निघून गेली होती, शेतात माणूस नव्हतं, आणि गावातल्या कोंडीबाच्या विहिरीला कॅनॉलमुळं अजून दोन पुरुष पाणी होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही तिथं जायचो. अबूबकरच्या पाठीला पाच लिटरचा रिकामा डबा बांधला आणि कमरेला दोरी. पहिले चार दिवस त्यानं शेवटची पायरी सोडली नाही. पाचव्या दिवशी सोडली आणि माझा गळा धरला. आम्ही दोघंही खाली गेलो, दोघांच्याही नाकातोंडात पाणी गेलं. वर आल्यावर पायरीवर बसून तो बराच वेळ खोकला आणि म्हणाला, "आता अजून खाली काय जायचं राहिलं?" त्या दिवसापासून त्याच्या अंगातला ताठरपणा थोडा गेला.

आठवडाभरानं खुर्शीदबी, त्याची बायको, न्याहारीचा डबा घेऊन विहिरीवर आली. ओल्या कपड्यांचा हिशोब तिला लागत नव्हता. काठावर बसून तिनं नवऱ्याला पाण्यात हातपाय मारताना बघितलं आणि मला म्हणाली, "भाईसाब, पंचवीस बरस झाले, हे मला कॅनॉलच्या पुलावरून चालून देत न्हाईत. म्हनतात, पानी बुरा असतं. मला वाटलं माझ्यासाठीच भितात." मग ती रोज यायला लागली. तो बुडाला की डोळे मिटायची, वर आला की उघडायची.

अठराव्या दिवशी पाठीचा डबा सोडला. एकविसाव्या दिवशी तो विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकटा गेला आणि परत आला. पोहणं काही देखणं नव्हतं, पाणी फार उडत होतं. पण तो तरंगत होता.

त्याच संध्याकाळी त्यानं स्वतः निलमला फोन लावला. "मॅडम, त्या दिवशी मी खोटं बोललो होतो," असं सरळ सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझ्या लक्षात आलं होतं, काका. आता या."

मे महिन्यात ती परत सिद्धेश्वरला आली. मी मनात ठरवून गेलो होतो की दोघांची कयाक घ्यायची. तो नुकता शिकलेला, मी मागं बसलो तर त्याला आधार. तिच्यात बसलोही. फाट्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. तो बरा बसला होता, कडा धरल्या नव्हत्या. पण काठाला लागल्यावर मला त्या खालच्या बैठकीतून उठता येईना. मी आधी कुशीवर वळलो, मग हातावर रेटा दिला, शेवटी रांगत चिखलात उतरलो. "जमतंय," असं म्हणत होतो.

अबूबकर बाजूला उभा राहून बघत होता. निलमकडे वळून म्हणाला, "ही न्हाई पायजे. ती हिरवी, उंच खुर्चीची. तसल्याच दोन."

"अबू, तुला सोबत असावी म्हणून मी..."

"माझी सोबत करता करता तुझा गुडघा जाईल. आन् मी काय कडेवर बसून मासे धरू?" तो म्हणाला. "रुंद हाय, पलटी मारत न्हाई. सावकाश जाती तर जाऊ दे. आपल्याला कुठं बस धरायची हाय?"

निलमनं हिरवीच्या बाजूला एक तपकिरी आणून ठेवली, त्याच मापाची. वजन जास्त होतं, पण धरणाला लागूनच शंकरसिंगचं शेत आहे. त्यानं आपल्या जनावरांच्या कोठ्यात ठेवू दिल्या. तिथून पाण्यापर्यंत नेण्यासाठी अबूबकरनं जुन्या मोटारसायकलची दोन चाकं लावून गाडा केला.

पहिले दोन रविवार तो माझ्यापासून दहा हातांवर राहिला. तिसऱ्या रविवारी मी गळाला गांडूळ लावत होतो तेवढ्यात तो वल्हं मारत पुढं निघाला. पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आले आहेत, त्यांच्या पलीकडं रोहू असतो असं आम्ही तीस वर्षं काठावरून एकमेकांना सांगत आलो होतो. तो त्या शेंड्यांना वळसा घालून गेला आणि दिसेनासा झाला.

मी थांबलो. लाइफ जॅकेट घातलेलं होतं, ऊन कोवळं होतं, पाणी शांत होतं. तरी माझं लक्ष गळावर राहिना. जावं का बघायला, असं तीनदा मनात आलं आणि तीनदा मी वल्हं खाली ठेवलं.

बऱ्याच वेळानं पलीकडून त्याचा आवाज आला. ओरडला नाही, नेहमीसारखाच बोलला. पाण्यावरून तो स्पष्ट ऐकू आला.

"मास्तर, इथं रोहू न्हाई. मरळ हाय. ये तुला यायचं तर."