समोरच्या बाजूचा मंगळवार

गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा कागद चिकटला आणि सनोबरची दिवसातली चांगली अशी पंधरा मिनिटं गेली. विषम नंबरच्या घरांचा कचरा सोमवारी, सम नंबरांचा मंगळवारी! ताश्कंदच्या त्या चिंचोळ्या गल्लीत इकडची शिंक तिकडे ऐकू जाते. तिथे ही वाटणी करणाऱ्याच्या अकलेची कमालच म्हणायची.

आजवर कचऱ्याची गाडी रोज संध्याकाळी यायची, तीही हमखास उशिरा. दोन्ही बाजूंच्या बायका बादल्या घेऊन तिची वाट बघत बसायच्या. सनोबर अकरा नंबरात, कुमरी समोर बारात. पूर्वी कधीतरी दोघींच्या नवऱ्यांचं पाटाच्या पाण्यावरून वाजलं आणि एकमेकांचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी शपथ पडली. सनोबरचा नवरा गेला. कुमरीचा अजून ठणठणीत होता, आणि त्याची शपथही. घरातला फोनसुद्धा त्याच्याच खिशात. पण रस्ता काही त्याच्या बापाचा नव्हता! सनोबरचा मुलगा कोरियात. शुक्रवारी फोन करून "बरी आहेस ना?" म्हणायचा, की संपलं. ती मोकळेपणी बोलायची ती फक्त कुमरीपाशी, कचऱ्याच्या गाडीची वाट बघताना.

मग तिने ठरवलं, आपणच मंगळवारी कुमरीच्या गाडीला जायचं. पण एकट्या बाईचा कचरा तो किती? दोन गाजरांची सालं नि चहाचा चोथा. रिकामी बादली घेऊन जायची सोय नाही. बाई रिकामी बादली घेऊन समोर आली की माणसं अपशकुन म्हणून मागे फिरतात. उरलेली रोटी बादलीत टाकणं तर पापच. म्हणून तिने सोमवारची गाडी सोडून द्यायला सुरुवात केली. भोपळ्याची सालं, तुतीचा पाला, सगळं साठवायची. सोमवारी भोंगा वाजला तरी दाराची कडी काढायची नाही.

मंगळवारी गच्च भरलेली बादली घेऊन ती बाहेर आली. समोरून आली कुमरीची सून मुनिरा, एकटीच. पुढच्या मंगळवारीही तेच. सासूबाई कुठे आहेत, हे विचारायला सनोबरची जीभ वळेना. गरज सरली असेल माझी, असं मनात म्हणत ती घरी गेली आणि एकटीच रडली.

तिसऱ्या मंगळवारी मुनिरानेच विचारलं, "खाला, सासूबाईंशी तुमचं काही बिनसलंय का हो?"

"माझं? अगं, तीच तोंड दाखवत नाही!"

"अहो काय सांगता! तीन सोमवार त्या तुमच्या गाडीला येऊन उभ्या राहतायत. अर्धा कचरा मला टाकूच देत नाहीत, म्हणतात सोमवारी नेते. घरात नुसता वास! मामंजींनी घर डोक्यावर घेतलं."

सनोबरला इतक्या दिवसांनी खळखळून हसू आलं. "वेडी कुठली! जा, हाक मार तिला. म्हणावं, सनोबर बोलावतेय."

मुनिराचा चेहरा उतरला. "नाहीत त्या. आज सकाळीच नमंगानला गेल्या. नणंदेला जुळं झालंय. आता हिवाळाभर तिकडेच."

"न सांगता?"

"सांगायलाच आल्या होत्या ना काल. गाडी गेली तरी तुमच्या दारासमोर उभ्या होत्या. मी म्हटलं, हाक तरी मारा. तर म्हणाल्या, राहू दे, रागावलीय ती माझ्यावर. भोंगा ऐकूनही दार उघडत नाही म्हणजे तिला मी नकोय."

मागे गाडी येऊन थांबली होती. "आपा, आटपा की!" ड्रायव्हर ओरडला. "अख्खं शहर पडलंय अजून!"

सनोबरला ते ऐकूच गेलं नाही. तिने मुनिराचा हात घट्ट धरला.

"मी घरातच होते गं," ती म्हणाली. "दाराच्या आतच बसले होते."