मिस्टर उभे राहतात तिथे

एलादिओ कुएतो सोळा वर्षं वेगामोराच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळला. अडचणीत सापडलेल्याने चेंडू त्याच्याकडे द्यायचा, त्याने तो योग्य माणसाकडे पोचवायचा, एवढाच त्या संघाचा डाव होता. घरी जेवतानासुद्धा मीठ हाती आलं की तो लगेच पुढे सरकवी. स्वतः अळणी खाई.

गुडघ्याने दगा दिला तेव्हा त्याने बूट काढले आणि ऑगस्टमध्ये तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. काल 'एला' म्हणणारी पोरं, तिथे प्रशिक्षकाला म्हणायच्या रिवाजाप्रमाणे, 'मिस्टर' म्हणू लागली. बाकी काहीच बदललं नाही, हीच पंचाईत झाली.

एलादिओ आता मैदानाबाहेर, चुन्याने आखलेल्या चौकटीत उभा राही. अडचण आली की पोरं मान वर करत, तो दिसे, आणि चेंडू त्याच्या पायाशी येई. म्हणजे बाहेर. पहिल्या सामन्यात असे एकसष्ट चेंडू आले. एकही चुकला नाही.

"अरे, मी खेळत नाहीये आता!" तो कप्तान निकानोरवर ओरडला.

"माहीत आहे हो, मिस्टर. पायाला माहीत नाही."

एलादिओने टोपी घातली, मिशी वाढवली, बाकामागे लपून पाहिलं. चेंडू बाकावरून आला.

मे महिन्यात शेवटचा सामना उरला. जिंकले तर टिकणार, नाहीतर खालच्या गटात. संघाच्या अध्यक्षा दोन्या ओब्दुलिया यांचा सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, गुत्ता होता. डोक्यावर धरलेल्या बाटलीतून कमरेजवळच्या पेल्यात धार सोडत त्या म्हणाल्या, "रविवारी हरलास तर सोमवारपासून घरी बस. दुसरा मिस्टर बघून ठेवलाय मी. त्याला इथे कोणी ओळखत नाही, एवढाच त्याचा गुण."

मैदानाशिवाय एलादिओला काहीच येत नव्हतं. तो न पिता उठला.

रविवारी वीस मिनिटांत एकोणीस चेंडू बाहेर आले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की चेंडू कुठे जातो हा प्रश्नच नाही. आपण कुठे उभे राहतो, हा आहे. त्याने पंचाला नम्रपणे विचारलं, "तुम्ही मला हाकलावं यासाठी मी किती पावलं आत यायला हवं?"

"चार," पंच म्हणाला.

एलादिओ चार पावलं आत गेला. लाल कार्ड घेऊन तो थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलमागे, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेल्या निवृत्त खाणकामगारांत जाऊन बसला. निकानोरने मान वर केली. एक-शून्य. मग दोन-शून्य.

मध्यंतरात एका म्हाताऱ्याने गुडघ्याची चौकशी केली. वेगामोरात वडीलधाऱ्याला अर्धवट उत्तर देत नाहीत. शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो तोवर खेळ सुरू झाला होता, बाजू बदलल्या होत्या, आणि समोर त्याच्याच गोलरक्षकाची पाठ होती. निकानोरने वळून चाळीस पावलांवरून सुरेख चेंडू पाठवला. दोन-एक. नंतर दोन-दोन.

"निकानोर! तिकडे मार, गाढवा!"

"तिकडे तुम्ही नाही ना, मिस्टर!"

एलादिओ दुखऱ्या गुडघ्याने मैदानाला वळसा घालून पळत सुटला. चेंडूही त्याच्या बाजूने, दर दहा पावलांना एकदा बाहेर जात, पळत राहिला. शेवटच्या मिनिटाला तो पलीकडच्या कोपऱ्याशी पोचला आणि कोसळला. पण प्रतिस्पर्ध्यांनाही आता गोम कळली होती. त्यांचे दोन धिप्पाड बचावपटू गोल सोडून मैदानाबाहेर धावले आणि त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहिले.

निकानोरने मान वर केली. मिस्टर नव्हते. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, जन्मात पहिल्यांदाच समोर पाहिलं. समोर गोल होता, आणि वाटेत कोणी नव्हतं.

एलादिओला फक्त आरडाओरडा ऐकू आला आणि चार जाड पोटऱ्या दिसल्या.

दोन्या ओब्दुलिया धापा टाकत आल्या. त्याला उठवण्याआधी त्यांनी त्या दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "तू सोमवारी ये," त्या एलादिओला म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं किती घ्याल रे? खेळायचं नाही. नुसतं याच्यापुढे उभं राहायचं."