वॉल्ट्झला उशीर

सैन्यात माणसाला चालायला नव्याने शिकवतात. जानेवारीत आम्ही छावणीत दाखल झालो तेव्हा प्रत्येकाला वाटत होतं की बाकी काही नाही तरी चालणं आपल्याला येतं. कॉर्पोरल कार्पिनेनने पहिल्याच सकाळी तो गैरसमज दूर केला. हा कार्पिनेन आमच्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. मिशी अजून यायची होती, पण आवाज असा की छपरावरचा बर्फ खाली घसरावा.

आम्हा बाकीच्यांना दोन दिवसांत जमलं. ओत्सो केट्टुनेनला जमेना. तो डावा पाय पुढे टाकायचा तेव्हा डावा हातही पायाबरोबर निघायचा, आणि उजव्याचंही तेच. कार्पिनेनने रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी स्वतः त्याच्या शेजारी चालून पाहिलं. मैदानाला एक फेरी मारून दोघं परत आले तेव्हा कार्पिनेनचेही हात चुकत होते. त्यानंतर ओत्सोला रांगेच्या मधोमध ठेवायचं ठरलं, म्हणजे निदान बाहेरून दिसू नये.

तोच ओत्सो स्कीवर चढला की बघत राहावं. जंगलातल्या घरात वाढलेला, शाळेच्या बसपर्यंत रोज स्कीवरून जाणारा. मी हेलसिंकीचा, ट्रामने जाणारा. सैन्याच्या त्या लांबलचक स्कीवर मी नुसता उभा राहिलो तरी पडायचो. मग ओत्सो मागे यायचा, कॉलरला धरून मला उभं करायचा आणि एक शब्द न बोलता पुढे जायचा. एरवीही तो बोलायचा नाही. आमच्या देशात कमी बोलणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही, पण ओत्सोने तोंडात मिठाची गुळणीच धरलेली होती. त्याची खाट वर, माझी खाली. तरी त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला कळायला दोन आठवडे लागले.

म्हणून एका संध्याकाळी तो आपण होऊन माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी गेलं.

"कास्पर," तो म्हणाला, "तुला वॉल्ट्झ येतो का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीत वरचा वर्ग परीक्षेच्या अभ्यासाला घरी बसतो, खालचा वर्ग शाळेत सगळ्यांत थोरला होतो आणि त्या आनंदात मुली लांब झगे घालून, मुलं शेपटीचे कोट घालून जुने नाच नाचतात. ओत्सो सोडून आम्ही सगळेच कधी ना कधी नाचलोय. छावणीजवळच्या गावातल्या शाळेत हिल्ला नावाची मुलगी यंदा नाचणार होती. वर्गात मुलं कमी, म्हणून तिने ओत्सोला जोडीदार व्हायला सांगितलं होतं आणि ओत्सोने मान हलवली होती. शाळेच्या बसमध्ये तो कित्येक वर्षं तिच्या मागच्या बाकावर बसत आला होता. तिच्याशी त्याचं आजवरचं सगळ्यांत मोठं संभाषण म्हणजे ही मान हलवणं.

हिल्लाची आई शरद ऋतूपासून झगा शिवत होती. शाळेतल्या तालमीत हिल्ला जोडीदार म्हणून खुर्ची धरून नाचत होती. ओत्सो गेला नाही तर नाचाच्या सुरुवातीला जोड्यांची मिरवणूक निघते, तिच्यात तिला सगळ्या गावासमोर एकटीने चालावं लागणार होतं. त्याला ना नाच येत होता, ना रजा मिळालेली होती.

नाचाचं मी अंगावर घेतलं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या शाळेत नाचलो होतो, त्यामुळे पुरुषाच्या पावलांची मला माहिती होती. पण ओत्सोला शिकवायचं तर मला बाई व्हावं लागणार. रात्रीच्या जेवणानंतर खाटा भिंतीला सरकवून, लांब चड्ड्या आणि लोकरीचे मोजे घालून आम्ही सुरू करायचो. खोलीतले बाकीचे सहा जण आधी खिदळले. मग लगेच शहाणपणा शिकवायला लागले. एकाचं म्हणणं, त्यांच्या शाळेत मिरवणूक डावीकडे वळायची. दुसऱ्याचं म्हणणं, डावीकडे फक्त अडाणी वळतात. ओत्सो मात्र माझ्या पाठीवर फावड्याएवढा पंजा ठेवून घाम गाळत फिरत होता. माझ्या पायांची बोटं निळी पडली.

तिसऱ्या दिवशी दार उघडलं आणि कार्पिनेन आत आला. आम्ही एकमेकांच्या मिठीत होतो. त्याने आमच्याभोवती एक फेरी मारली.

"केट्टुनेन, कोपर वर," तो शेवटी म्हणाला. "बाईला पोत्यासारखं धरतोस काय?"

मग मला बाजूला सारून तो स्वतः बाई झाला. सांगायला हवं की तो माझ्यापेक्षा चांगली बाई होता. आठवड्याभरात ओत्सो उजवीकडे फिरायला लागला, आणि गंमत म्हणजे नाचताना त्याचे हात बरोबर राहायचे, कारण ते दोन्ही कामात असायचे. डावीकडे फिरणं तेवढं जमलं नाही.

राहिली रजा. नाचाच्याच शुक्रवारी तुकडीची मोठी स्कीची कूच होती. कॅप्टन योकेला कोणाला सोडतील अशी आशा नव्हती. मी ओत्सोला बजावलं होतं की ऑफिसात जा, नीट उभा राहा आणि विचार. पण सगळ्यांसमोर ऑफिसच्या दारात उभं राहण्याची त्याला लाज वाटत होती. शनिवारी आम्ही सॉनात, म्हणजे वाफेच्या लाकडी खोलीत, बसलो होतो, वरच्या बाकावर कॅप्टन, त्यांच्या शेजारी ओत्सो. सगळे उघडे, सगळे लालबुंद. त्याला वाटलं, हीच वेळ.

"कॅप्टनसाहेब, शुक्रवारी रजा हवी होती."

दोघं जण हळूच खालच्या बाकावर उतरले. सॉनात हुद्दा नसतो हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. तिथे कामाचं बोलणं म्हणजे चर्चमध्ये डुकराचा सौदा करणं. मला वाटलं, संपलं याचं.

कॅप्टननी तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ वर आली, पुन्हा खाली बसली.

"कॅप्टन कुठंय इथे?" ते म्हणाले. "मी रैमो. रैमो कोणाला रजा देऊ शकत नाही. कॅप्टन सोमवारी सकाळी ऑफिसात भेटतील. कपडे घालून जा."

ओत्सोने मान खाली घातली. थोड्या वेळाने रैमोने विचारलं, कशासाठी हवी होती. ओत्सोने सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. त्याच्या तोंडून एवढं लांब बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. डावीकडे फिरणं जमत नाही हेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं, तेव्हा रैमो म्हणाला की ते कोणालाच जमत नाही, आणि आणखी एक पळी पाणी टाकलं.

सोमवारी मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं. कॅप्टन योकेलांनी जणू हा विषय आयुष्यात पहिल्यांदाच कानावर येतोय अशा आवाजात सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. कूच सगळ्यांची आहे, कोणालाही सूट नाही.

"आणि नाचासाठी रजा द्यायचीच झाली," ते म्हणाले, "तर रांगेत तुझ्यापुढे एक जण उभा आहे. त्यालाही मी नाहीच म्हटलंय."

तो एक जण कोण, यावर खोलीत वाद झाला. सगळ्यांचा संशय कार्पिनेनवर होता. ओत्सो वरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने हिल्लाला कळवलं की येणार नाही. तिचं उत्तर आलं, बरं. त्या एका शब्दाने तो दोन दिवस जेवला नाही.

गुरुवारी वाटाण्याचं सूप पिताना कॅप्टन नकाशा घेऊन आले. यंदा टेकडीमागचा बर्फ बरा नाही, म्हणून वाट बदलली आहे, असं त्यांनी वर न बघता वाचून दाखवलं. तुकडी गोठलेल्या तळ्यावरून जाईल आणि गावातल्या शाळेच्या आवारात थांबेल. जेवण तिथेच. अंग शेकायला शाळेने सभागृह देऊ केलं आहे, तिथे आधीच काही कार्यक्रम चालू असेल तर जवानांनी अडचण करू नये. एवढं वाचून ते निघून गेले. टेकडीमागे कमरेएवढा उत्तम बर्फ होता, आम्ही बुधवारीच तिथे लोळून आलो होतो. ओत्सो पाच वाट्या सूप प्यायला.

पण एक घोडं अडलं होतं, आणि ते घोडं मी होतो. कूच जोडीजोडीने करायची असते. जोडीदाराला मागे टाकून पुढे जायचं नाही, हा नियम आमच्याकडे प्रार्थनेच्या आधी शिकवतात. ओत्सोचा जोडीदार मी.

जंगलात मी झाडांना धरत धरत कसाबसा निभावलो. तळ्यावर धरायला काहीच नव्हतं. वारा समोरून. तुकडी पुढे गेली, मग ठिपके झाली, मग दिसेनाशी झाली. पलीकडच्या काठावर शाळेच्या उंच खिडक्या चमकत होत्या आणि मी पडत होतो. ओत्सोने आधी माझी पाठपिशवी घेतली. मग माझ्या कमरेला दोर बांधून मला ओढायला लागला. तरी मी पडलो आणि दोराबरोबर त्यालाही पाडलं. मला इतकं अपराधी आजवर कधी वाटलं नव्हतं.

"तू जा," मी म्हटलं. "मी येतो रांगत."

"ऊठ."

"अरे, नाच संपेल. ती वाट बघत असेल."

"हो."

"मग जा ना लेका!"

तो थांबला. शाळेकडे बघितलं, मग माझ्याकडे. पापण्यांवर बर्फ साचला होता.

"नाही जमत," तो म्हणाला, आणि कॉलरला धरून मला उभं केलं.

आम्ही पोचलो तेव्हा आवारातलं सूप थंड झालं होतं. दाराशी बूट काढले आणि ओले मोजे वाजवत सभागृहात शिरलो. आत एकही जोडी नाचत नव्हती. ओत्सोचा चेहरा पडला. भिंतीला टेकून आमची सगळी तुकडी बर्फात दिसू नये म्हणून घालायच्या पांढऱ्या कपड्यांत वितळत उभी होती. मधोमध कॅप्टन योकेला लोकरीच्या मोज्यांत ताठ उभे, आणि पिवळ्या झग्यातली एक मुलगी त्यांचा हात धरून म्हणत होती, "बाबा, पोट आत घ्या." रांगेत पुढे उभा असलेला माणूस आम्हाला तेव्हा दिसला.

मग माझं लक्ष खिडक्यांकडे गेलं. सगळे झगे आणि सगळे कोट खिडक्यांशी गर्दी करून उभे होते. कॅप्टनची दुर्बीण हातोहात फिरत होती. शेवटचा वॉल्ट्झ सगळ्यांनी ओत्सोसाठी अडवून धरला होता. संगीताच्या बाई पियानोवर हात ठेवून बसल्या होत्या. एका पोराने माझ्याकडे बोट दाखवून मैत्रिणीला सांगितलं, हाच तो पडणारा.

निळ्या झग्यातली हिल्ला पुढे आली. ओत्सोने हात पुढे केला, कोपर वर ठेवलं, पियानो सुरू झाला आणि तो फिरायला लागला. ओल्या मोज्यांनी, पांढऱ्या ढगळ कपड्यांत, फक्त उजवीकडे. भिंतीशी कार्पिनेन ओठातल्या ओठात पावलं मोजत होता. कॅप्टन मुलीबरोबर नाचत होते आणि तिचा झगा तुडवत होते.

वॉल्ट्झ संपता संपता ओत्सोने काहीतरी ठरवलं असावं. पण सहा आठवडे ओरडून ओरडून आमच्या कोणाच्याच गळ्यात हळू आवाज उरला नव्हता, आणि त्याच क्षणी पियानो थांबला.

"मला तू आवडतेस! बसमध्ये होतो तेव्हापासून!"

सगळ्या गावाने ऐकलं. कॅप्टन सवयीने सावधान उभे राहिले. ओत्सो कानापर्यंत लाल झाला. हिल्ला मात्र हसली नाही. तिने त्याच्या बाहीवरचा बर्फ झटकला.

"मी खिडकीत होते," ती म्हणाली. "तू सारखा मागे वळून त्याला उचलत होतास. मला राग यायला हवा होता. पण नाही आला."

मग तिने बाईंकडे बघून आणखी एकदा वाजवायला सांगितलं, आणि या वेळी ओत्सोला तिने डावीकडे वळवलं.